पॅटर्न आपल्याकडे, कास्टिंग ग्राहकाकडे

गोकुळ शिरगावच्या एका तरुण इंजिनिअरने विचारलं आहे: "फाउंड्रीतल्या मशिनांकडून आकडे गोळा करणारा आमचा सी-प्लस-प्लस प्रोग्राम आहे. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ हे लिनक्स आहे. ग्राहकांच्या छोट्या पीसींवर डेबियन नावाचं लिनक्स आहे, कुठे ११, कुठे १२. इथे चालणारी फाइल तिथे नेली की 'जीलिबसी २.३८ नॉट फाउंड' म्हणते आणि बंद पडते. कुणी सांगतं स्टॅटिक कर, म्हणजे लागणारं सगळं फाइलमध्येच घाल, कुणी सांगतं डॉकर वापर. पण ग्राहकांचे आयटीवाले त्यांच्या पीसीवर डॉकर बसवू देत नाहीत. मग काय करावं?"

डॉकर तुमच्या लॅपटॉपवर बसवा. डॉकर म्हणजे कंटेनर चालवणारं साधन, आणि कंटेनर म्हणजे आपल्याच पीसीवर चालणारी, पण आत वेगळ्या लिनक्सच्या फाइली असलेली बंदिस्त जागा. ग्राहकाकडे फक्त एक डेब पॅकेज (डेबियनवर प्रोग्राम बसवायची फाइल) जाईल, आणि ते बनवताना कंटेनर होता हे कुणाला कळणारही नाही. २०१३ मध्ये डॉकर आलं तेव्हापासून कंटेनर म्हणजे प्रोग्राम चालवायची जागा असंच बहुतेकांच्या डोक्यात बसलं आहे. मी त्याचा सगळ्यात जास्त वापर करते तो प्रोग्राम बिल्ड करायला, म्हणजे सोर्समधून चालणारी फाइल तयार करायला. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही असंच तयार करतो: कंटेनर सुरू करायचा, आत कंपाइल आणि पॅकेज करायचं, पॅकेज बाहेर काढायचं, कंटेनर टाकून द्यायचा.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, त्यामुळे मला हे फाउंड्रीच्या भाषेतच समजतं, आणि तुम्ही तर फाउंड्र्यांमध्येच वावरता. ड्रॉइंगवरून पॅटर्न, म्हणजे वस्तूची लाकडी प्रतिकृती, होतो. पॅटर्न वाळूत दाबून मोल्ड होतो. मोल्डमध्ये धातू ओतला, गार झाला, की मोल्ड फोडतात आणि कास्टिंग बाहेर येतं. ग्राहकाकडे कास्टिंग जातं. वाळू कुणी पाठवत नाही. आपल्या कामात डॉकरफाइल (इमेज कशी बनवायची याच्या सूचना) म्हणजे ड्रॉइंग, इमेज (कंटेनरसाठी तयार ठेवलेल्या फाइलींचा संच) म्हणजे पॅटर्न, कंटेनर म्हणजे एकदाच वापरायचा वाळूचा मोल्ड, आणि डेब पॅकेज म्हणजे कास्टिंग. पॅटर्नवाला पहिला प्रश्न विचारतो, "कोणता धातू ओतणार?" बीड साधारण एक टक्का आकसतं, स्टील त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरावा लागतो. तुम्हीही आधी विचारायचं, हे कुठे चालणार? उत्तर डेबियन ११ असेल तर पॅटर्नही डेबियन ११ चाच हवा. तुमच्या लॅपटॉपवर काय आहे याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता ती चूक नेमकी का येते ते बघू, कारण ती समजली की पुढचे निम्मे प्रश्न उरत नाहीत. लिनक्सवर जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम जीलिबसी या सी लायब्ररीवर, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहावर, उभा असतो. तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनला आवृत्तीचा शिक्का असतो. तुम्ही कंपाइल करता त्या क्षणी तुमच्या मशिनवर जी लायब्ररी आहे तिचे शिक्के तुमच्या फाइलवर उमटतात. उबुंटू २४.०४ वर जीलिबसी २.३९ आहे, डेबियन १२ वर २.३६, डेबियन ११ वर २.३१. जुन्या शिक्क्यांची फाइल नव्या लायब्ररीवर चालते; नव्या शिक्क्यांची जुन्यावर चालत नाही. आणि यात तुम्ही कोणतीही नवी सोय मुद्दाम वापरायला हवी असं नाही. २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत मिसळली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवा शिक्का मिळाला. त्यामुळे तेव्हापासूनच्या सिस्टिमवर कंपाइल केलेला, फक्त एक ओळ छापणारा प्रोग्रामही डेबियन ११ वर उठत नाही. तुमच्या चुकीतला २.३८ हा आकडा बहुतेक स्ट्रटोल किंवा एसस्कॅनएफ यांच्या घराण्यातून आला असेल. मजकुराचा आकडा करणारी ही फंक्शनं २.३८ पासून सी भाषेच्या नव्या प्रमाणानुसार नव्या नावाने जोडली जातात, आणि सी-प्लस-प्लस कंपायलर ती सवय आपोआप चालू ठेवतो. मशिनकडून आलेली ओळ वाचून तिचा आकडा करणं हेच तर तुमच्या प्रोग्रामचं काम आहे.

खात्री करायची तर ऑब्जडम्प ही कमांड मोठ्या टी पर्यायाने फाइलवर चालवा आणि त्यातल्या जीलिबसीच्या ओळी गाळून घ्या. सगळ्यात मोठा आकडा दिसेल तो तुमच्या फाइलची किमान मागणी. आमच्याकडे बिल्डच्या शेवटी हा आकडा तपासणारी एक ओळ आहे. ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की बिल्ड तिथेच थांबतो.

स्टॅटिकचा सल्ला पूर्ण चुकीचा नाही, पण जीलिबसीबरोबर तो अर्धवट ठरतो. होस्टचं नाव शोधण्यासारखी कामं जीलिबसी चालू असताना बाहेरच्या लायब्ररी उचलून करते, त्यामुळे स्टॅटिक केलेली फाइलही नेटवर्कचं काम निघालं की त्याच आवृत्तीची जीलिबसी मागते. लिंकर (तुकडे जोडून फाइल करणारं साधन) तशी सूचनाही देतो, ती आपण वाचत नाही एवढंच. दुसरा मोह असतो अल्पाइनच्या इमेजचा, कारण ती अगदी छोटी असते. अल्पाइनमध्ये जीलिबसी नसून मसल नावाची वेगळी लायब्ररी आहे. तिथे साधेपणाने बिल्ड केलेली फाइल डेबियनवर नेली तर "अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही" असं उत्तर येतं, आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते. नसतो तो प्रोग्राम सुरू करून देणारा मसलचा लोडर. या चुकीपायी मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, म्हणून सांगते: ग्राहकाकडे डेबियन असेल तर इमेजही डेबियनचीच घ्या.

तुमच्यासाठी इमेजेस दोन लागतील, एक डेबियन ११ ची आणि एक १२ ची. ११ वर बिल्ड केलेलं १२ वर चालतं हे जीलिबसीपुरतं खरं आहे, बाकीच्या लायब्ररींचं तसं नाही. डेबियन ११ मध्ये ओपनएसएसएल १.१ होतं, १२ मध्ये ३.० आलं आणि १.१ गेलं. सर्व्हरला सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्राम ११ वर बांधून १२ वर नेला की तो नसलेली लायब्ररी मागतो. म्हणून डॉकरफाइल एकच ठेवा, डेबियनची आवृत्ती बाहेरून द्या, आणि दोन वेगळी डेब पॅकेजेस काढा. पॅकेजच्या आवृत्तीला शेवटी टिल्डचं चिन्ह लावून डेब११ आणि डेब१२ असं शेपूट जोडा. म्हणजे ग्राहकाने पीसी ११ वरून १२ वर नेला की ॲप्टला (डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला) १२ चं पॅकेज आपोआप नवं वाटतं.

इमेजमध्ये काय घालायचं? कंपायलर, बिल्डच्या पायऱ्या ठरवणारा सीमेक, डेबियनची पॅकेज बनवायची साधनं, आणि तुम्हाला लागणाऱ्या लायब्ररींची डेव्ह पॅकेजेस (कंपाइल करताना लागणाऱ्या फाइली). बस. तुमचा सोर्स इमेजमध्ये घालू नका. पॅटर्नमध्ये कुणी धातू भरून ठेवत नाही. सोर्स कंटेनर सुरू करताना बाहेरून जोडायचा. ॲप्टचं अपडेट आणि इन्स्टॉल एकाच रन ओळीत लिहा. डॉकर प्रत्येक ओळीचा निकाल थर म्हणून साठवतो; वेगळं लिहिलं तर अपडेटचा थर जुनाच वापरला जातो आणि महिन्याभराने इन्स्टॉल नसलेल्या फाइलमागे धावतं.

सोर्स जोडतानाची एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाला पहिल्यांदा चकवते. डेब बनवणारी डीपीकेजी-बिल्डपॅकेज ही कमांड तयार झालेलं पॅकेज सोर्सच्या फोल्डरमध्ये ठेवत नाही, त्याच्या एक पायरी वर ठेवते. तुम्ही सोर्स कंटेनरच्या मुळाशी एका फोल्डरला जोडलात, तर पॅकेज थेट कंटेनरच्या मुळात पडतं. कंटेनर काम संपल्यावर पुसून टाकायचा म्हणून सुरू केलेला असतो, त्यामुळे तोही जातो आणि पॅकेजही. बिल्ड यशस्वी झाल्याचं स्क्रीनवर दिसतं आणि हाताला काहीच लागत नाही. उपाय सोपा आहे: काम नावाचं एक फोल्डर करा, त्यात सोर्सचं फोल्डर ठेवा, आणि काम हे फोल्डर जोडा. पॅकेज मग कामात येऊन बसतं.

दुसरी अडचण मालकीची. डॉकरमध्ये आतला वापरकर्ता सहसा रूट (सगळे अधिकार असलेला) असतो, त्यामुळे बाहेर आलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि तुम्हाला त्या पुसताही येत नाहीत. कंटेनर सुरू करताना तुमचा यूआयडी आणि जीआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा आणि ग्रुपचा क्रमांक, द्या. पॉडमन हे डॉकरसारखंच साधन साध्या वापरकर्त्याने चालवलं तर हा प्रश्न येतच नाही, कारण तिथे आतला रूट म्हणजे बाहेरचे तुम्हीच असता. मी आता नव्या कामांना पॉडमनच घेते. शिवाय डॉकर ग्रुपमध्ये एखाद्याला घालणं म्हणजे त्याला त्या मशिनचा रूट करणं हे फार जणांच्या लक्षात येत नाही. शिकाऊ मुलांच्या हातात बिल्ड सर्व्हर द्यायचा असेल तर हे महत्त्वाचं आहे.

लॅपटॉपवरचं रोजच्या कामाचं फोल्डर तसंच जोडू नका. त्यात आधीच्या बिल्डच्या फाइली असतात, सीमेकच्या कॅशमध्ये लॅपटॉपचे पत्ते असतात. कधी सीमेक तक्रार करतो, आणि तो बरा प्रकार. वाईट प्रकार म्हणजे जुनी ऑब्जेक्ट फाइल गुपचूप नव्या पॅकेजमध्ये जाते. गिटमधून (सोर्सच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातून) ठरलेल्या कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या आवृत्तीची, स्वच्छ प्रत काढा आणि तीच जोडा. त्याने आणखी एक फायदा होतो: कमिट न केलेला बदल कधीच ग्राहकाकडे जात नाही.

फक्त तीनच ग्राहक असतील तरी डेब करा, झिप पाठवू नका. पॅकेज बनवताना डीपीकेजी-श्लिबडेप्स तुमची फाइल उघडून कोणत्या लायब्ररी लागतात ते बघतो आणि किमान आवृत्त्यांसकट अवलंबित्वांची यादी स्वतः लिहितो. चुकीच्या इमेजमध्ये बिल्ड झालेलं पॅकेज मग ग्राहकाच्या पीसीवर बसायलाच नकार देतं. झिपमधली फाइल मात्र निमूट कॉपी होते आणि नकार येतो तो चालवताना. ऊस गाळपाच्या हंगामात काट्यापुढे रात्री दोनला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. तेव्हा नकार येण्यापेक्षा दुपारी इन्स्टॉल करताना आलेला बरा, हे मी त्या रांगेसमोर उभी राहून शिकले आहे.

पण या साधनाला दिसतं ते फक्त थेट जोडलेलं. चालू असताना प्लगइन म्हणून उचलल्या जाणाऱ्या लायब्ररी त्याला कळत नाहीत. क्यूटी ही लायब्ररी वापरून डेटाबेसशी बोलत असाल तर पोस्टग्रेस या डेटाबेसचा ड्रायव्हर हा असाच प्लगइन आहे आणि डेबियनमध्ये त्याचं वेगळं पॅकेज आहे. ते आपल्या पॅकेजच्या कंट्रोल फाइलमध्ये हाताने लिहावं लागतं. तुमच्या लॅपटॉपवर तो ड्रायव्हर केव्हातरी बसवलेला असतो, म्हणून तिथे कधीच उणीव जाणवत नाही. यासाठी माझा एक नियम आहे, तो मी कितीही घाई असली तरी मोडत नाही: पॅकेज तयार झालं की त्याच आवृत्तीच्या डेबियनचा एक कोरा कंटेनर घ्यायचा, ज्यात कंपायलर नाही, डेव्ह पॅकेज नाही, काहीच नाही. त्यात आपलं डेब ॲप्टने बसवायचं आणि प्रोग्राम चालवून डेटाबेसला एकदा खरी जोडणी करून बघायची. नुसतं आवृत्ती छापून समाधान मानलं तर ड्रायव्हर नसल्याचं कळणारच नाही. एक गोष्ट मात्र या चाचणीत दिसत नाही. डेबियनच्या अधिकृत इमेजमध्ये सर्व्हिस सुरू होऊ नये अशी व्यवस्था केलेली असते आणि आत सर्व्हिस सांभाळणारा सिस्टिमडी चालू नसतो. सर्व्हिस नीट उठते का, पीसी रीस्टार्ट झाल्यावर परत येते का, हे खऱ्या डब्यावर किंवा व्हर्च्युअल मशिनवरच बघा.

कंटेनर कुठे वाचवत नाही हेही स्पष्ट सांगायला हवं. कंटेनर म्हणजे वेगळं मशिन नव्हे. कर्नल (सिस्टिमचा गाभा) तुमच्या लॅपटॉपचाच असतो, प्रोसेसरही तुमचाच. एका वर्षी आमच्या सीमेक फाइलमध्ये एम-आर्च नेटिव्ह हा पर्याय शिरला. त्याचा अर्थ: ज्या प्रोसेसरवर कंपाइल होतंय त्याच्या सगळ्या क्षमता वापर. इमेज बरोबर, जीलिबसी बरोबर, पॅकेज नीट बसलं, आणि काट्याच्या केबिनमधल्या पीसीवर प्रोग्राम सुरू होताच "इल्लीगल इन्स्ट्रक्शन". आमच्या बिल्ड मशिनच्या प्रोसेसरला एव्हीएक्स (सूचनांचा एक जादा संच) होतं, त्या जुन्या सेलेरॉनला नव्हतं. कोरा कंटेनरही हे पकडू शकला नाही, कारण तोही आमच्याच प्रोसेसरवर चालला होता. तुमच्या सोर्समध्ये आणि वापरता त्या लायब्ररींच्या बिल्ड फाइलींमध्ये हा शब्द शोधा आणि काढून टाका. कर्नलची आवृत्ती विचारून त्यावर निर्णय घेणाऱ्या स्क्रिप्टही अशाच फसतात. कंटेनरमध्ये त्यांना तुमच्या लॅपटॉपच्या कर्नलचं उत्तर मिळतं.

एखाद्या ग्राहकाकडे रास्पबेरी पाय असेल तर त्याचा प्रोसेसर एआरएम आहे, त्याला तिसरी इमेज लागेल. एम्युलेशनने, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करून, तीही तुमच्या लॅपटॉपवर चालते, पण फार हळू. लहान प्रोग्रामला चालून जाईल, मोठ्याला क्रॉस कंपायलर (दुसऱ्या प्रोसेसरसाठी फाइल बनवणारा) बसवा.

खासगी गिटची चावी किंवा पासवर्ड इमेजमध्ये कॉपी करू नका. पुढच्या ओळीत पुसला तरी आधीच्या थरात तो राहतो, आणि आर्ग (इमेज बनवताना बाहेरून दिलेली किंमत) म्हणून दिला तर इमेजच्या इतिहासात कुणालाही वाचता येतो. बिल्डकिट या डॉकरच्या इमेज बनवणाऱ्या भागात सीक्रेट तात्पुरतं जोडायची सोय आहे, ती वापरा. डॉकर इंजिन २३ पासून लिनक्सवर बिल्डकिट आपोआप चालू असतं.

आता पॅटर्न सांभाळण्याबद्दल. इथे मला सगळ्यात जास्त हलगर्जीपणा दिसतो आणि नुकसानही इथेच मोठं होतं. बहुतेकांना वाटतं की डॉकरफाइल गिटमध्ये आहे म्हणजे सगळं जपलं. ते फक्त ड्रॉइंग आहे. "डेबियन ११" हा टॅग आज एका इमेजकडे बोट दाखवतो, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. डॉकरफाइलच्या फ्रॉमच्या ओळीत टॅगऐवजी शा-२५६ चा डायजेस्ट (त्या नेमक्या इमेजचा ठसा) लिहिलात तर पाया पक्का होतो, पण त्यावर ॲप्टने येणारी पॅकेजेस त्या दिवशीचीच येतात. आमच्या एका ग्राहकाकडे सेंटओएस ७ हे लिनक्स होतं. त्याचा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला आणि मिररची (पॅकेजेस देणाऱ्या सर्व्हरची) यादी देणारा पत्ताच बंद झाला. जुलैमध्ये आम्ही इमेज नव्याने करायला गेलो तर होस्ट सापडत नाही म्हणून यम, म्हणजे तिथलं ॲप्ट, थांबलं. ड्रॉइंग होतं, पण लाकूड मिळणारं दुकान बंद. त्या आठवड्यात आम्हाला काट्याच्या हिशोबातली एक दुरुस्ती द्यायची होती. ती देता आली ती केवळ एका कारणाने: आदल्या वर्षी इमेज टार फाइल करून ऑफिसच्या डिस्कवर ठेवली होती. ती लोड केली आणि तासाभरात पॅकेज निघालं. नंतर सवडीने व्हॉल्टचे, म्हणजे जुन्या पॅकेजेसच्या संग्रहाचे, पत्ते घालून ड्रॉइंगही दुरुस्त केलं.

उद्यमनगरात वडिलांच्या ओळखीच्या एका कारखान्यात पॅटर्नची खोली वेगळी होती. प्रत्येक पॅटर्नवर रंगाने नंबर घातलेला, ड्रॉइंगचा नंबरही त्याच्यावर. वीस वर्षांनी ऑर्डर आली तरी पॅटर्न निघायचा. आपल्याला तेवढंच करायचं आहे. ग्राहकाला दिलेल्या प्रत्येक आवृत्तीसाठी वापरलेली इमेज टार करून दोन ठिकाणी ठेवा, आणि पॅकेजच्या आतच एका छोट्या फाइलमध्ये कमिटचा नंबर आणि इमेजचा डायजेस्ट लिहून पाठवा. दोन ठिकाणांपैकी एक कोल्हापूरबाहेर असू द्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता. तेव्हा नेटवरून इमेज ओढू आणि बॅकअपची डिस्क हाताने आणू या दोन्हींवर अवलंबून राहण्यात अर्थ नव्हता. डेबियनची जुनी पॅकेजेस तारखेनुसार ठेवणारा स्नॅपशॉट संग्रह आहे. डॉकरफाइलमध्ये ॲप्टला त्यातली एक तारीख दिली तर ड्रॉइंगवरून पुन्हा तोच पॅटर्न करता येतो. मी दोन्ही करते, कारण संग्रह दूर आहे आणि टार हाताशी.

एकाच सोर्समधून प्रत्येक वेळी बाइट न बाइट सारखं पॅकेज यावं असं वाटत असेल तर सोर्स-डेट-एपॉक हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (साधनांना बाहेरून दिली जाणारी किंमत) वापरा. तो ठरवला की पॅकेजिंगची साधनं आजच्या वेळेऐवजी तीच वेळ लिहितात. डेबियनमध्ये तो चेंजलॉगच्या तारखेवरून आपोआप ठरतो. तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये कंपाइलची तारीख छापणारा मॅक्रो असेल तर त्याऐवजी कमिटचा नंबर छापा. फोनवर ग्राहकाने तो वाचून दाखवला तर तुम्हाला नेमकं कळतं की त्याच्याकडे काय आहे.

या आठवड्यात एवढं करा: डेबियन ११ ची इमेज, काम नावाचं फोल्डर, एक डेब, आणि कोऱ्या कंटेनरमध्ये चाचणी. डेबियन १२ चं पॅकेज त्यानंतर एका ओळीच्या फरकाने निघेल. पहिलं डेब मिळालं की त्यातल्या प्रोग्रामच्या फाइलवर ऑब्जडम्प चालवून बघा. आकडा २.३१ किंवा त्याच्या खाली आला की डेब पेनड्राइव्हवर घ्या आणि सगळ्यात जुना पीसी ज्या फाउंड्रीत आहे तिथे आधी बसवून या.